शास्त्र सांगावें कसें ?

विज्ञान-प्रदर्शनाचा दिवस तुम्हां सर्वांस प्रिय असतो, आणि आम्हां शिक्षकांसही तो तितकाच प्रिय आहे. त्या दिवशीं बाकांवर वह्यांच्या जागीं चंबू, नळ्या व तारा येतात, आणि एरवीं फाटकापाशींच थांबणारे पालक वर्गांत येऊन आपल्याच मुलांपुढें श्रोते म्हणून उभे राहतात. अशाच एका प्रदर्शनांत आमच्या डोळ्यांदेखत घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतों, कारण या लेखाचा जन्म तिच्यांतूनच झाला आहे.

एका टेबलामागें आठवीचा एक विद्यार्थी उभा होता. त्याच्यापुढें कांचेच्या पेल्यांत चुन्याची निवळी होती. नळीनें तींत फुंकर घातली कीं ती दुधासारखी पांढरी होई, आणि मुलगा न अडखळतां सांगे कीं, आपल्या उच्छ्वासांत कार्बन डायऑक्साइड वायु असतो; त्याचा कॅल्शियम हायड्रॉक्साइडशीं संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा अविद्राव्य साका तयार होतो. वाक्य शुद्ध होतें. तें आम्हींच त्याला लिहून दिलें होतें. गर्दींत एक बाई होत्या. डोक्यावर पदर, कडेवर लहान मूल. त्यांनीं बराच वेळ निरखून पाहिलें आणि मग हळूच विचारलें, “बाळा, पानाला लावत्यात त्योच चुना का ह्यो?” आसपासचीं मुलें हंसलीं. तो विद्यार्थी गोंधळला, आणि आपलें पाठ केलेलें वाक्य आठवून म्हणाला, “नाहीं, हें कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे.” बाईंनीं पदर सांवरला व त्या मागें सरल्या. त्यानंतर कोणत्याही टेबलापाशीं त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं.

त्या दिवशीं विचारल्या गेलेल्या सर्व प्रश्नांत तो प्रश्न उत्तम होता, आणि त्याचें उत्तर ‘होय’ असें होतें. पानाचा चुना, भिंतीला देण्याचा चुना आणि प्रयोगशाळेच्या बाटलींतील चुना हे मूळचे एकच. भाजलेली चुनकळी पाण्यांत विरवली म्हणजे जें तयार होतें त्यालाच रसायनशास्त्रांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड असें म्हणतात. भिंतीवर दिलेला चुन्याचा हात कांहीं दिवसांनीं घट्ट कां होतो? हवेंतील तोच वायु तो हळूहळू ओढून घेतो, आणि पेल्यांत जो पांढरा साका बनला तोच भिंतीवर जमतो. पेल्यांत जें एका मिनिटांत घडत होतें, तें त्या बाईंनीं सणापूर्वीं सारवतांना-रंगवितांना अनेकदां स्वतःच्या हातांनीं घडविलें असेल. त्या प्रयोगाची सामग्री त्या मुलापेक्षां त्यांच्या अधिक परिचयाची होती. परंतु आम्हीं त्या मुलाला वाक्य दिलें, वस्तु दिली नाहीं. आणि म्हणून बरोबर उत्तर तोंडाशीं असतांना तो चुकीचें उत्तर देऊन बसला. दोष त्याचा नव्हे, आमचा.

शास्त्र जाणणें ही एक विद्या आहे, आणि जाणलेलें शास्त्र अशा रीतीनें सांगणें कीं ऐकणारांपैकीं कोणासही असें मागें सरावें लागूं नये, ही दुसरी विद्या आहे. पहिली साधली कीं दुसरी आपोआप येते अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी असती तर प्रत्येक पंडिताचें व्याख्यान रंगलें असतें. तसें होत नाहीं हें आपण सर्वच बाकांवर बसून शिकलों आहों. ही दुसरी विद्या पहिलीइतक्याच कष्टानें ज्यांनीं मिळविली, अशा एका थोर शास्त्रज्ञाचा परिचय आज करून द्यावयाचा आहे. ते म्हणजे मायकेल फॅरडे. लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांच्या योगानें वीज उत्पन्न करतां येते, हें १८३१ सालीं दाखवून देणारे फॅरडे तुम्हांस क्रमिक पुस्तकांत भेटले असतील. आज आपण त्यांच्या शोधांकडे न वळतां त्यांच्या बोलण्याकडे पाहूं.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडननजीक एका लोहाराच्या घरीं झाला. शाळा त्याच्या वांट्यास फारशी आली नाहीं. लहानपणीं त्याला ‘र’ हा वर्ण उच्चारतां येत नसे. भावाचें नांव रॉबर्ट, तें तो ‘वॉबर्ट’ असें म्हणे. यावरून शाळेंतील बाई रागावल्या, आणि आईनें त्याला त्या शाळेंतून काढून घेतलें, अशी हकीकत सांगतात. पुढें ज्याचें बोलणें ऐकावयास इंग्लंडचे राजपुत्र येऊन बसले, तो हा मुलगा! चौदाव्या वर्षीं, १८०५ मध्यें, तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तक-बांधणी करणाऱ्या दुकानदाराकडे सात वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून राहिला. दिवसां पुस्तकें बांधावीं आणि फुरसतीच्या वेळीं तींच उघडून वाचावीं, असा त्याचा क्रम असे.

त्यांतील एका पुस्तकाची कथा येथें सांगितलीच पाहिजे. लंडन शहरांत १७९९ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन झाली होती. तेथें हंफ्री डेव्ही हे तरुण रसायनशास्त्रज्ञ व्याख्यानें देत, व स्त्रिया आणि पुरुष दोघेही तीं ऐकावयास दाटी करीत. त्या श्रोत्यांत जेन मार्सेट नांवाच्या एक बाई होत्या. प्रयोग पाहून त्यांना आनंद होई, परंतु व्याख्यानाचा ओघ इतका वेगवान असे कीं पुष्कळसें मनांतून निसटून जाई. नंतर एका परिचिताशीं त्याच विषयांवर संभाषण झालें तेव्हां कोठें गोष्टी उलगडूं लागल्या. हा अनुभव त्यांनीं वायां जाऊं दिला नाहीं. रसायनशास्त्रावर संभाषणांच्या रूपाचें एक पुस्तक त्यांनीं लिहिलें. तें १८०५ च्या सुमारास प्रसिद्ध झालें, आणि त्यावर लेखिकेचें नांवही नव्हतें. त्यांत एक शिक्षिका एमिली व कॅरोलाइन या दोन मुलींना रसायन शिकविते; मुली मध्येंच थांबवितात, शंका काढतात, चुकीचे तर्क करतात, आणि शिक्षिका त्या तर्कांवरूनच पुढें जाते. हें पुस्तक रीबोच्या दुकानांत मायकेलच्या हातीं पडलें, आणि रसायनशास्त्रांत त्याचा पाय तेथें प्रथम स्थिरावला. पुढें १८५८ सालीं मार्सेटबाई वारल्या, तेव्हां जगप्रसिद्ध झालेल्या फॅरडे यांनीं आपल्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत हें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें.

व्याख्यान समजलें नाहीं म्हणून एक स्त्री अस्वस्थ झाली, आणि तिच्या त्या न समजण्यांतून फॅरडे यांचा पहिला रसायनगुरु निर्माण झाला. आम्हांस वाटतें कीं यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. ज्याला सर्व कांहीं एका झटक्यांत समजतें, त्याला इतरांचें कोठें अडतें हें कळत नाहीं. ज्याचें स्वतःचें अडलेलें असतें त्याला ती जागा नेमकी ठाऊक असते. वर्गांत मागच्या बांकावर बसून ज्यांस गणित उशिरां उमगलें, त्यांनीं तें धाकट्या भावंडांस शिकवून पाहावें.

१८१२ सालीं दुकानांतील एका गिऱ्हाइकानें मायकेलला डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. त्यानें टिपणें घेतलीं, आकृत्या काढल्या, तीं सर्व सुवाच्य लिहून स्वतः बांधलीं, आणि तें पुस्तक डेव्ही यांच्याकडे पाठविलें. मार्च १८१३ मध्यें तो त्याच संस्थेंत प्रयोगशाळेचा मदतनीस झाला. आतां पाहा: बावीस वर्षेंही पुरीं न झालेला हा मुलगा, ज्याला अद्याप व्याख्यान देण्यास कोणी बोलाविलेलें नाहीं, तो आपल्या बेंजामिन ॲबट या मित्रास त्या वर्षीच्या जून महिन्यांत लांबच लांब पत्रें लिहूं लागतो, आणि त्यांचा विषय कोणता? तर उत्तम व्याख्यान कसें असावें. मोठमोठ्या वक्त्यांना प्रयोगाचीं उपकरणें मांडून देतां देतां तो त्यांचे गुणदोष टिपीत होता. सभागृहांत मोकळी हवा खेळती असावी. लोकांस येण्याजाण्याचा मार्ग सोयीचा असावा. एका तासाहून अधिक वेळ बोलूं नये. उपकरणें अशीं मांडावींत कीं एकाआड दुसरें झांकलें जाऊं नये. वक्त्यानें टेबलाला खिळल्यासारखें उभें राहूं नये. सावकाश व स्वाभाविकपणें बोलावें. केवळ टाळ्या मिळविण्यासाठीं जो बोलतो त्याचा तर त्याला मनापासून तिटकारा होता. या सूचनांत पांडित्य कोठेंच नाहीं. हवा, दार, घड्याळ, उपकरणांची मांडणी, अशा ह्या साध्या गोष्टी. पण त्या सर्व श्रोत्याच्या जागीं बसून पाहिलेल्या आहेत.

स्वतः बोलण्याची वेळ आली तेव्हांही फॅरडे यांनीं उपजत देणगीवर विसंबून राहण्याचें नाकारलें. त्यांनीं वक्तृत्वाचे पाठ घेतले. एका मित्रास ते आपल्या व्याख्यानांस बसवीत, तें अशासाठीं कीं त्यानें उच्चारांतील व बोलण्यांतील चुका टिपून ठेवाव्या. आणि आणखी एक युक्ति होती, ती आम्हांस सर्वांत प्रिय आहे. बोलण्याच्या भरांत आपली गति वाढते हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून ‘सावकाश’ या अर्थाचा एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेलें एक कार्ड ते समोर ठेवीत. तें नजरेआड झालें आणि बोलणें धांवूं लागलें, कीं त्यांचा सहायक अँडरसन तें पुन्हां पुढें आणून ठेवी. तास संपत आला कीं वेळेची आठवण देणारें दुसरें कार्ड येई. अँडरसन हा पूर्वीं सैन्यांत सार्जंट होता. युरोपांत ज्यांच्या बुद्धीचा डंका वाजत होता अशा पुरुषानें एका निवृत्त सैनिकाच्या हातून भर सभेंत असा लगाम घालून घ्यावा, यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. आम्ही स्वतः हा उपाय करून पाहिला आहे. कार्ड ठेवणें सोपें आहे. त्याकडे पाहून खरोखर थांबणें कठीण आहे.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ सालापासून नाताळाच्या सुटींत मुलांसाठीं व्याख्यानमाला सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धांतील कांहीं वर्षें सोडलीं तर ती अखंड चालत आली आहे, आणि आतां दूरचित्रवाणीवरून घरोघर पाहिली जाते. फॅरडे यांनीं १८२७ पासून १८६० पर्यंत अशा एकोणीस माला गुंफल्या. त्यांतील शेवटची, १८६०-६१ च्या हिंवाळ्यांतील, मेणबत्तीवर होती. सहा व्याख्यानें, आणि विषय एक मेणबत्ती! त्या वेळीं त्यांचें वय ६९ वर्षांचें होतें. आरंभींच त्यांनीं वडीलधाऱ्या श्रोत्यांची जणुं रजा घेतली, आणि आपण मुलांशीं मूल होऊनच बोलणार असें सांगून टाकलें. लघुलेखकांनीं तीं व्याख्यानें उतरून घेतलीं, विल्यम क्रुक्स यांनीं तीं संपादिलीं, आणि १८६१ सालीं त्यांचें पुस्तक झालें.

मेणबत्तीच कां? कारण ती त्या काळच्या लंडनमधील प्रत्येक मुलाच्या घरीं होती. प्रयोगशाळेंतून आणलेली अपूर्व वस्तु दाखविली असती तर मुलें थक्क झालीं असतीं, आणि घरीं गेल्यावर रिकाम्या हातांनीं बसलीं असतीं. मेणबत्ती मात्र घरीं वाट पाहत होती. जळत्या मेणबत्तीच्या माथ्यावर मेणाची वाटी कशी तयार होते, हें फॅरडे यांनीं प्रथम विचारलें. तिच्या कडेनें वर चढणारी थंड हवा कडा घट्ट ठेविते आणि मधलें मेण वितळतें, म्हणून वाटी. वाऱ्याच्या झोतानें वाटीची कड फुटते, मेण ओघळतें, मेणबत्ती बेढब होते. पण त्या बिघाडांतूनच वाटीचें कारण अधिक स्पष्ट कळतें, हेंही त्यांनीं दाखविलें. मग दुसरा प्रश्न: वितळलेलें मेण वातींतून वर चढतें कसें? एका बशींत रंगीत द्राव ओतून त्यांत मिठाचा खांब उभा केला. रंग हळूहळू त्या खांबांतून वर चढूं लागला. त्याच्या जोडीला घरगुती दृष्टान्त असा कीं हात धुतल्यावर पंचा पाण्याच्या भांड्याच्या कांठावर निष्काळजीपणें टाकला तर तो पाणी ओढून जमिनीवर सांडतो. हें केशाकर्षण. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं समईच्या वातीकडे पाहावें. तेथेंही हेंच घडतें, एवढाच भेद कीं समईंत तेल आयतेंच पातळ असतें, आणि मेणबत्तीला आपलें इंधन आधीं स्वतः वितळवून घ्यावें लागतें.

मेणबत्ती फुंकून विझविल्यावर जी धुराची रेघ निघते तिच्यापाशीं, वातीपासून दोन-तीन बोटें दूर, जळती काडी नेली, तर ज्योत त्या रेघेवरून उडी मारून वातीला पुन्हां पेटविते. म्हणजे जळतें तें मेणही नव्हे, वातही नव्हे. जळते ती मेणाची वाफ. हा प्रयोग वडील माणसें जवळ असतांना, जेथें वारा नाहीं अशा जागीं करून पाहा. पहिल्या खेपेस बहुधा साधत नाहीं. साधतो तेव्हां मात्र ज्वलनाच्या व्याख्या दहा वेळां घोकून जें समजलें नसेल तें एका क्षणांत समजतें.

या सर्व व्याख्यानांत एक क्रम दिसून येतो. वस्तु प्रथम येते, मग तिच्याविषयीं प्रश्न, मग प्रयोग, आणि शास्त्रीय नांव सर्वांच्या मागून, ओळख झालेल्या माणसाचें नांव विचारावें तसें. आम्हीं आमच्या टेबलावर नेमकें उलट केलें होतें. आमच्या येथें नांव दारांत उभें होतें, आणि वस्तूला आंत येण्यास वाट नव्हती. नांवें निरुपयोगी आहेत असें मात्र कोणी समजूं नये. फॅरडे यांनीं स्वतः विद्युच्छास्त्रांत नवीं नांवें रूढ केलीं, आणि त्यांसाठीं विद्वानांचा सल्ला घेतला. प्रश्न नांव असावें कीं नसावें हा नाहीं. तें केव्हां सांगावें हा आहे.

आणि ज्याला दुसऱ्याची भाषा कळत नाहीं त्याची व्यथा फॅरडे यांना स्वानुभवानें ठाऊक होती. त्यांना उच्च गणित येत नव्हतें. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञानें त्यांच्याच कल्पनांना गणिताचें रूप देण्यास आरंभ केला, तेव्हां १८५७ सालीं वृद्ध फॅरडे यांनीं त्यास पत्र लिहून विचारलें कीं, गणितानें काढलेले निष्कर्ष साध्या भाषेंतही तितकेच पूर्ण व स्पष्ट सांगतां येणार नाहींत काय, म्हणजे आमच्यासारख्यांस त्यांवर प्रयोग करतां येतील. त्या पत्रांतील विनंती आणि आमच्या प्रदर्शनांतील त्या बाईंचा प्रश्न, यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

आतां जरा श्रोत्यांकडे दृष्टि टाकूं. आपल्यासमोर बसलेले सर्व आपल्यासारखेच पाहतात, ऐकतात व समजतात, असें गृहीत धरून आपण बोलतों. तें खरें नसतें. जॉन डाल्टन हे अणुवादाचे प्रवर्तक. त्यांना लाल व हिरवा या रंगांतील भेद इतरांसारखा दिसत नसे. एक जिरेनियमचें फूल त्यांना दिवसां आकाशासारखें निळें दिसे, आणि तेंच मेणबत्तीच्या उजेडांत तांबडें दिसे. इतरांना तें असें बदलतांना दिसत नाहीं हें कळल्यावर त्यांनीं शोध आरंभिला, आणि १७९४ सालीं मँचेस्टर येथें या दोषाविषयीं निबंध वाचला. १९९५ सालीं, त्यांच्या जपून ठेवलेल्या डोळ्याची तपासणी होऊन, त्या दोषाचें मूळ आनुवंशिक द्रव्यांत सांपडलें. तेव्हां फळ्यावर लाल व हिरव्या खडूनें दोन रेघा ओढून ‘लाल रेघ पाहा’ असें म्हणण्यापूर्वीं हें ध्यानांत ठेवा कीं असा एखादा डाल्टन वर्गांत असणें मुळींच दुर्मिळ नाहीं, आणि तो ‘मला दिसत नाहीं’ असें बहुधा बोलून दाखविणार नाहीं. एक रेघ सलग काढावी, दुसरी तुटक काढावी. खर्च कांहींच नाहीं.

ज्यांस कमी ऐकूं येतें त्यांना बोलणाऱ्याचे ओंठ दिसावे लागतात. म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलूं नये, आणि खिडकी पाठीशीं घेऊन उभें राहूं नये, कारण मग चेहरा काळा दिसतो. ज्यांस मुळींच दिसत नाहीं त्यांच्यासाठीं ‘हें पाहा, असें होतें’ हें वाक्य म्हणजे बंद दार आहे. काय होतें तें शब्दांत सांगावें, आणि शक्य तेथें हाताला किंवा कानाला काम द्यावें. पोर्तो रिको येथील खगोलशास्त्रज्ञ वांडा डियाझ-मर्सेद यांची दृष्टि विद्यार्थिदशेंत गेली. त्यांनीं आकाशस्थ ज्योतींच्या मापनांचे आंकडे ध्वनींत बदलून, स्वरांच्या चढउतारांवरून त्यांचा अभ्यास चालू ठेविला. जें आपण डोळ्यांनीं आलेखांत पाहतों तें त्या कानांनीं वाचतात.

फॅरडे यांच्या संस्थेंतही सर्वांस सर्व कांहीं मिळालें असें मात्र नाहीं. बांकांवर स्त्रिया आरंभापासून होत्या. परंतु नाताळाची व्याख्यानमाला स्वतंत्रपणें देण्याचा मान प्रथम एका स्त्रीस मिळाला तो १९९४ सालीं, सुझन ग्रीनफील्ड यांना. १८२५ पासून मोजून पाहा. आमच्या विद्यार्थिनींनीं प्रदर्शनांत टेबल मांडण्याचें व फलक रंगविण्याचें काम पत्करून बोलण्याचें काम मुलांकडे सोंपवूं नये, असें आम्ही वारंवार सांगतों तें याचसाठीं.

आपल्याकडेही ही विद्या जाणणारे झाले आहेत. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे विश्वरचनेवर संशोधन करीत, आणि मराठींतून कथा व लेख लिहीत. मुलांचा घोळका स्वाक्षरीसाठीं भोवतीं जमला तर ते म्हणत कीं, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तरासह स्वाक्षरी येईल. मुलाच्या हातीं स्वाक्षरी तर पडेच, पण तिच्या आधीं त्याला एक प्रश्न सुचावा लागे. पुण्याच्या आयुका या त्यांच्या संस्थेंत अरविंद गुप्ता यांनीं अनेक वर्षें टाकाऊ वस्तूंपासून शास्त्रीय खेळणीं केलीं. आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृति उभ्या करण्याची त्यांची रीत तुम्हांपैकीं कांहींनीं पाहिली असेल. ज्या मुलाच्या घरीं उपकरणांची पेटी नाहीं त्यालाही आगकाडी मिळते.

तर आतां त्या टेबलाकडे परत जाऊं, आणि तोच प्रयोग पुन्हां मांडूं. पेल्याच्या मागें काळा कागद लावूं, म्हणजे पांढरेपणा शेवटच्या रांगेंतूनही दिसेल. आरंभीं बाटली दाखवूं नये; चुन्याची डबी उघडावी आणि विचारावें, ही कोणाच्या घरीं आहे? हात वर होतील, आणि वर्गांतील निम्मा संकोच तेथेंच सरेल. मग तो चुना पाण्यांत ढवळून रात्रभर ठेविला आणि वरचें स्वच्छ पाणी गाळून घेतलें, तीच ही निवळी, हें सांगावें. फुंकर श्रोत्यालाच घालूं द्यावी. प्रत्येकास नवी नळी द्यावी, आणि फुंकावयाचें, ओढावयाचें नाहीं, हें आधीं बजावावें. चुना डोळ्यांस फार अपायकारक आहे, म्हणून चेहरा पेल्यापासून दूर ठेवावा. निवळी पांढरी झाली. आतां घाईनें उत्तर सांगूं नये. दुसऱ्या पेल्यांत सायकलच्या पंपानें नुसती हवा सोडावी. ती निवळी लवकर पांढरी होत नाहीं. कां? येथें थांबावें, आणि थांबण्याची भीति बाळगूं नये. बाहेरच्या हवेंत हा वायु दहा हजार भागांत सुमारें चार भाग असतो, आणि आपण सोडलेल्या श्वासांत शंभरांत सुमारें चार. म्हणजे जवळजवळ शंभरपट. फॅरडे यांनीं आपल्या शेवटच्या व्याख्यानांत चुन्याच्या निवळीवरच हें दाखविलें कीं मेणबत्ती जळतांना जो वायु देते तोच आपण श्वासावाटे देतों. माणूस एका दिवसांत सुमारें सात औंस, म्हणजे दोनशें ग्रॅम कार्बन असा जाळतो, असा हिशेब त्यांनीं मुलांपुढें मांडला.

कोणी खोडकर मुलगा फुंकतच राहील, आणि पांढरी झालेली निवळी कांहीं वेळानें पुन्हां स्वच्छ होऊं लागेल. पाठ केलेलें बोलणारा येथें गडबडतो. त्यानें गडबडूं नये; वायु फार झाला म्हणजे साक्याचें रूपांतर पाण्यांत विरघळणाऱ्या दुसऱ्या क्षारांत होतें, एवढें ठाऊक असलें कीं तो खोडकरपणा पुढचा प्रयोग बनतो. आणि ज्याला पेल्यांतील पांढरेपणा दिसत नाहीं त्याच्यासाठीं भिंतीवरून सुटलेला जुन्या चुन्याचा पोपडा किंवा शिंपला घ्यावा, त्यावर लिंबू पिळावें आणि तो त्याच्या कानाजवळ धरावा. फसफस ऐकूं येते. भिंतीनें वर्षांपूर्वीं ओढून घेतलेला तो वायु पुन्हां बाहेर पडत असतो.

यंदांच्या प्रदर्शनांत हें टेबल दाराजवळच मांडण्याचें ठरलें आहे. बोलणारास लिहून दिलेलें वाक्य नसेल. समोर ‘सावकाश’ असें लिहिलेलें एक कार्ड असेल, आणि तें पुढें सरकविण्यास एक सहायक असेल. त्या बाई कोणत्या मुलाच्या आई होत्या हें आम्हांस पुढें कळलें नाहीं. हा अंक ज्या घरीं जाईल त्यांपैकीं एखादें घर त्यांचें असेल, तर त्यांच्या मुलानें किंवा मुलीनें त्यांस आमचा एवढा निरोप द्यावा: होय बाई, तोच चुना.